लॅपटॉपमधील प्रोसेसर बदलणे

लॅपटॉपमधील प्रोसेसर बदलणे म्हणजे लॅपटॉपच्या मदरबोर्डवरील मूळ प्रोसेसर काढून त्या जागी अधिक क्षमतेचा, सुसंगत प्रोसेसर बसवणे होय. ज्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसर सॉकेटमध्ये बसवलेला असतो, त्यातच हे साध्या हत्यारांनी शक्य होते. २०१४ पर्यंतच्या अनेक लॅपटॉपमध्ये अशी सोय होती. त्यानंतरच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये प्रोसेसर मदरबोर्डला डाख देऊन कायमचा जोडलेला असतो.

सॉकेटचे प्रकार

इंटेल कंपनीच्या कोअर २ ड्युओ प्रोसेसरांसाठी सॉकेट एम (२००६) व सॉकेट पी (२००७) वापरले गेले. कोअर आय मालिकेच्या पहिल्या पिढीसाठी जी१, दुसऱ्या व तिसऱ्या पिढीसाठी जी२ आणि चौथ्या पिढीसाठी जी३ हे सॉकेट होते. जी१ व जी२ या दोन्हींच्या तांत्रिक नावांत ९८८ हा आकडा येतो, मात्र ते परस्परसुसंगत नाहीत. एएमडी कंपनीने २००६ पासून एस१ आणि २०११ पासून एफएस१ हे सॉकेट वापरले.

काही प्रोसेसर एकाच क्रमांकाने सॉकेटच्या व डाख दिलेल्या अशा दोन्ही स्वरूपांत विकले गेले. त्यामुळे केवळ क्रमांकावरून निष्कर्ष न काढता मदरबोर्डची प्रत्यक्ष पाहणी करावी लागते.

सुसंगतता

सॉकेट जुळणे आवश्यक असले तरी पुरेसे नसते. पुढील बाबीही जुळाव्या लागतात:

• चिपसंच: मदरबोर्डवरील चिपसंचाने त्या पिढीच्या प्रोसेसरला आधार दिला पाहिजे.
• बायोस: बायोसला नवा प्रोसेसर ओळखता आला पाहिजे. बायोस अद्ययावत करायचा असल्यास ते काम जुना प्रोसेसर काढण्यापूर्वी करावे लागते, कारण नवा न ओळखला गेल्यास लॅपटॉप सुरूच होत नाही.
• औष्णिक मर्यादा: टीडीपी या नावाने ओळखली जाणारी ही मर्यादा वॅटमध्ये सांगतात. मूळ शीतन यंत्रणा व चार्जर त्या मर्यादेनुसार दिलेले असतात.

उदाहरणार्थ, इंटेल कोअर आय५-३२१०एम हा २ गाभ्यांचा, तर कोअर आय७-३६३२क्यूएम हा ४ गाभ्यांचा प्रोसेसर आहे. दोन्ही तिसऱ्या पिढीचे असून दोहोंची औष्णिक मर्यादा ३५ वॅट आहे. याच पिढीतील कोअर आय७-३७४०क्यूएमची मर्यादा मात्र ४५ वॅट आहे.

कार्यपद्धती

प्रथम चार्जर व बॅटरी काढली जाते. त्यानंतर तळाचे झाकण, पंखा आणि उष्णताशोषक वेगळे करतात. उष्णताशोषकाचे स्क्रू त्यावर छापलेल्या क्रमानुसार थोडे थोडे सैल केले जातात. सॉकेटच्या कडेचा कुलूप-स्क्रू फिरवला की प्रोसेसर मोकळा होतो व तो सरळ वर उचलता येतो. नवा प्रोसेसर ठेवताना कोपऱ्यातील त्रिकोणी खूण जुळवतात. तो स्वतःच्या वजनाने बसला पाहिजे. दाब दिल्यास पिना वाकतात. लॅपटॉपच्या प्रोसेसरवर सहसा धातूचे झाकण नसल्याने उघडी सिलिकॉन चकती असमान दाबाने तडकू शकते. जुनी औष्णिक पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तांदळाच्या दाण्याएवढी नवी पेस्ट लावतात. लॅपटॉप सुरू न झाल्यास परत बसवता यावा म्हणून मूळ प्रोसेसर जपून ठेवणे हिताचे असते.

उष्णतेचा परिणाम

उष्णताशोषक प्रोसेसरला भोवतालच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. त्यामुळे खोलीचे तापमान २५ ऐवजी ४० अंश सेल्सिअस असल्यास, तेवढ्याच कामासाठी प्रोसेसरचे तापमानही सुमारे १५ अंशांनी वाढते. ठरावीक मर्यादा गाठल्यावर प्रोसेसर आपला वेग आपोआप कमी करतो. गोंदिया जिल्ह्यासह पूर्व विदर्भात मे महिन्यात दिवसाचे तापमान ४५ अंशांच्या आसपास जात असल्याने, तेथे अधिक वॅटच्या प्रोसेसरचा लाभ उन्हाळ्यात बराच घटू शकतो. केवळ पंखा व पंखे-जाळीतील धूळ काढून पेस्ट बदलल्यानेही गमावलेला वेग काही अंशी परत मिळतो.

मर्यादा व पर्याय

जुना लॅपटॉप मंद असण्याचे कारण अनेकदा प्रोसेसर नसून फिरत्या चकतीची हार्ड डिस्क किंवा अपुरी रॅम असते. अशा वेळी एसएसडी बसवणे अधिक परिणामकारक, सोपे व कमी जोखमीचे ठरते. चित्रफितींचे संपादन किंवा प्रोग्रामचे संकलन यांसारख्या, अनेक गाभे वापरणाऱ्या कामांत मात्र प्रोसेसर बदलल्याचा फरक जाणवतो.

विंडोज १० ची सर्वसाधारण सहायता १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलचे प्रामुख्याने आठव्या व त्यापुढील पिढ्यांचे प्रोसेसर आहेत. जी१ ते जी३ सॉकेटमध्ये पहिल्या चार पिढ्यांचेच प्रोसेसर बसतात. म्हणून प्रोसेसर बदलून असा लॅपटॉप विंडोज ११ साठी अधिकृतरीत्या पात्र होत नाही. त्यावर लिनक्स वापरणे हा एक पर्याय उरतो.

निकामी प्रोसेसर व मदरबोर्ड हा ई-कचरा होय. भारतात त्याची विल्हेवाट १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ नुसार केली जाते.