भाड्याने दिलेल्या सदनिकेला ‘होम वॉरंटी’ परवडते का?

पर्वरी, मडगाव, वास्को या भागांत भाड्याने दिलेल्या अनेक सदनिकांचे मालक आखातात, जहाजावर किंवा युरोपात असतात. ऐन आषाढात न्हाणीघराच्या भिंतीला ओल येते किंवा गिझर बंद पडतो, तेव्हा भाडेकरूचा फोन परदेशात जातो आणि प्लंबर शोधण्याचे काम गावातल्या भावावर येऊन पडते. वर्षाला ठरावीक रक्कम भरा आणि दुरुस्तीची चिंता सोडा, असे सांगणाऱ्या योजना अशा मालकांना आकर्षक वाटणे स्वाभाविक आहे.

‘होम वॉरंटी’ ही कल्पना रुजली ती अमेरिकेत. मालक कंपनीला वार्षिक शुल्क देतो, शिवाय कारागीर आला की प्रत्येक खेपेचे वेगळे पैसे मोजतो. त्या बदल्यात वातानुकूलन, नळ, वीजजोडणी वापराने बिघडल्यास कंपनी ठरलेल्या मर्यादेपर्यंत दुरुस्ती करते. नाव वॉरंटीचे असले तरी तो सेवेचा करारच होय. गोव्यातील मालकापुढे मात्र तीन निराळ्या गोष्टी असतात: उपकरणांचा वार्षिक देखभाल करार म्हणजे एएमसी, गृहविमा आणि बांधकामाची कायदेशीर हमी. त्यांची सरमिसळ झाली की पैसे जातात आणि संरक्षणही मिळत नाही.

एएमसी दोन प्रकारचा असतो. साध्या करारात तपासणी आणि मजुरी येते, सुट्या भागांचे पैसे मालकाचे. सर्वसमावेशक करारात सुटे भागही येतात, पण गॅस भरणे, इलेक्ट्रॉनिक सर्किट किंवा गंजलेली कॉइल वगळलेली आहे का, हे बारीक अक्षरांत पाहावे लागते. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेत एसीच्या बाहेरच्या भागाला गंज हाच खरा रोग, आणि तोच वगळला असेल तर करार कागदापुरता उरतो. अनेक करार केवळ घरगुती वापरापुरते असतात. पर्यटकांना दिवसाच्या भाड्याने दिलेल्या जागेतील बिघाड व्यावसायिक वापराचा ठरवून नाकारला जाऊ शकतो.

कराचे गणितही पाहण्यासारखे आहे. घरभाड्याच्या उत्पन्नातून, भरलेली घरपट्टी वजा केल्यावर, ३० टक्के सरसकट वजावट मिळते. दुरुस्तीवर प्रत्यक्ष किती खर्च झाला याच्याशी तिचा संबंध नसतो. घरपट्टी वजा जाता भाडे २,४०,००० रुपये असेल, तर वजावट ७२,००० रुपयेच. एएमसीवर १०,००० रुपये घातले काय किंवा एक रुपयाही घातला नाही काय. म्हणजे शुल्क पूर्णपणे मालकाच्या खिशातून जाते. गावातच राहणाऱ्या आणि ओळखीचा इलेक्ट्रिशियन असलेल्या मालकाने तेवढीच रक्कम दुरुस्तीसाठी बाजूला ठेवणे शहाणपणाचे. परदेशी मालकाच्या बाबतीत हिशेब बदलतो, कारण तो दुरुस्तीपेक्षा माणूस वेळेवर पोहोचण्याची किंमत मोजत असतो.

गृहविम्याचे काम वेगळे आहे. १ एप्रिल २०२१ पासून सर्व सामान्य विमा कंपन्यांना द्यावी लागणारी ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसी आग, वादळ, पूर, वीज कोसळणे, पाण्याची टाकी किंवा नळ फुटणे अशा आपत्तींसाठी आहे. नेहमीच्या वापराने होणारी झीज तिच्यात येत नाही.

नव्या सदनिकेच्या मालकाकडे मात्र एक हमी फुकट असते, आणि तीच सर्वाधिक वाया जाते. रेरा कायदा, २०१६ च्या कलम १४(३) नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत रचनेतील, कारागिरीतील किंवा दर्जातील दोष निदर्शनास आणला, तर विकासकाने तो ३० दिवसांत विनाशुल्क दुरुस्त करायचा असतो. न केल्यास भरपाई मागता येते. पण याच कायद्याच्या व्याख्येत ‘अलॉटी’ म्हणजे सदनिका घेणारा. पुढे ती विकत घेणाराही त्यात येतो, भाडेकरू येत नाही. गळती रोज पाहतो तो भाडेकरू, आणि ही हमी मागण्याचा हक्क मालकाचा! भाडेकरू बादली लावून पावसाळा काढतो, जाताना सांगतो किंवा सांगतही नाही, आणि पाच वर्षे उलटतात.

यासाठी भाडेकरारातच एक कलम हवे: ओल, तडा किंवा गळती दिसताच भाडेकरूने छायाचित्रासह लेखी कळवावे. भाडेकरूच्याही ते हिताचे आहे. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ नुसार, मालकावर बंधनकारक असलेली दुरुस्ती सूचना देऊनही वाजवी मुदतीत झाली नाही, तर विरुद्ध करार नसल्यास भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. नळाचा वॉशर कोणी बदलायचा, भिंतीतली पाइप कोणी, हेही करारातच लिहून घेतलेले बरे.

पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पाला रेरा नोंदणीची सक्ती नाही, त्यामुळे गावातल्या लहान इमारतीत जागा घेताना दोषदुरुस्तीची अट विक्रीकरारात स्पष्ट लिहून घ्यावी लागते. परदेशी मालकाने ताबापत्राची प्रत आणि तक्रार करण्यापुरते मुखत्यारपत्र गोव्यातील विश्वासू माणसाकडे ठेवावे. पाचव्या वर्षाच्या पावसाळ्यात, मुदत संपण्याआधी, त्याच माणसाने एकदा सदनिकेत जाऊन छत आणि न्हाणीघराच्या भिंती पाहून याव्यात.