गळक्या टाकीचा पूर्वेतिहास

लंडनमध्ये 1775 साली अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने आणि 1778 साली जोसेफ ब्रामाने शौचकूपाच्या रचनेचे एकस्व मिळविले खरे. परंतु झडप झिजली की टाकीतले पाणी अहोरात्र पाझरत राही, आणि ही नासाडी इतकी वाढली की 1871 च्या महानगर जलकायद्यान्वये केलेल्या नियमांनी एका वेळी दोनच गॅलन पाणी सोडण्याचा सक्त निर्बंध घातला. त्यातून वक्रनलिकेची टाकी रूढ झाली. साखळी ओढताच पाणी उचलले जाऊन नळीच्या वळणावरून खाली कोसळे. तळाशी झडपच नसल्याने तेथून गळती संभवतच नसे. या युक्तीचे मला मनस्वी कौतुक वाटते. आल्बर्ट गिब्लिनने 1898 मध्ये तिच्या सुधारित रूपाचे एकस्व घेतले.

उरे तो केवळ बॉल कॉकचा, म्हणजे टाकी भरताच पाणी थांबवणाऱ्या फुग्याच्या नळाचा, दोष. त्याचे पाणी भिंतीबाहेर काढलेल्या नळीवाटे सर्वांदेखत ठिबके, म्हणून दुरुस्तीस विलंब होत नसे. कारागीर मुख्य नळ बंद करी, पितळी दांड्याची खीळ काढी, झिजलेला वायसर बदली आणि दांडा किंचित खाली वाकवी, जेणेकरून फुगा लवकर उचलला जाऊन पाणी वेळीच थांबे.