टायमिंग पट्टा, मोटारगाडीचा
टायमिंग पट्टा, मोटारगाडीचा : अंतर्ज्वलन-एंजिनातील भुजादंडाची गती कॅमदंडास ठराविक प्रमाणात पोचविणारा, आतून दाते असलेला रबरी पट्टा. चार धावांच्या एंजिनात भुजादंडाचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमदंडाचा एक फेरा होतो. हा मेळ चुकल्यास झडपा अवेळी उघडतात व मिटतात.

पूर्वी हे काम दंतचक्रे किंवा पोलादी साखळी करीत असे. अमेरिकेत १९४० नंतरच्या दशकात शिवणयंत्रातील सुई व बॉबिन यांचा मेळ राखण्यासाठी दातेरी पट्टा पुढे आला. मोठ्या संख्येने तयार होणाऱ्या मोटारीत तो जर्मनीतील ग्लास कंपनीने १९६२ मध्ये प्रथम आणला; १९६६ मध्ये फियाटनेही त्याचा अवलंब केला. हा पट्टा हलका, स्वस्त व कमी आवाजाचा असून त्यास वंगण लागत नाही. उलट तेलाने तो खराब होतो.

अँबॅसडर व प्रीमियर पद्मिनी या गाड्यांत साखळीच होती. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० मुळे पट्टा भारतात घरोघरी पोचला. पुण्यात तयार झालेल्या टाटा इंडिकाच्या (१९९८) डीझेल एंजिनातही तो होता. दुरुस्तीची जुनी रीत येथे अपुरी पडली. साखळी सैल झाली की खडखडते आणि अनुभवी कारागीर कानाने निदान करतो. पट्टा मात्र बहुधा कोणतीही सूचना न देता तुटतो. डीझेल एंजिनात दट्ट्या व झडपा यांमधील अंतर फार थोडे असल्याने अशा वेळी झडपा वाकतात व खर्च पट्ट्याच्या किंमतीच्या अनेक पट होतो.

नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९° से. तापमान नोंदले गेले. अशा हवेत एंजिनाच्या उष्णतेची भर पडून रबर लवकर कडक होते व दात्यांच्या मुळाशी तडे जातात. जुनी गाडी घेणारा सहसा फक्त किलोमीटरचा आकडा पाहतो, हे येथे विशेष धोक्याचे होय. वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीचाही पट्टा जुना होतच असतो. निर्माते साधारणतः ६०,००० ते १,००,००० किमी. किंवा ठराविक वर्षांची मर्यादा देतात. पूर्वीच्या बदलाची नोंद नसल्यास पट्टा नवा घालणेच इष्ट असते.

बदलताना भुजादंड व कॅमदंड यांवरील खुणा जुळवून जुना पट्टा काढतात. ताण देणारी कप्पी, झिरपणारी तेल-सीले आणि पंप याच पट्ट्यावर चालत असल्यास तोही तपासतात. नवा पट्टा चढविल्यावर भुजादंड हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा पाहतात. घाईत हीच पायरी गाळली जाते. २००८ पासून मारुतीच्या के-मालिकेतील एंजिनांत पुन्हा साखळी आली.