बुडालेल्या जहाजाचा धनी कोण?

जहाज फुटले की दोन प्रश्न उभे राहतात. तेल कसे आवरायचे, आणि सांगाडा कोणी उचलायचा? सागरी कायद्यांचा इतिहास चाळताना मला दिसले, की पहिल्या प्रश्नाकडे जगाचे लक्ष लवकर गेले. दुसऱ्याकडे फार उशिरा.

१८ मार्च १९६७ रोजी 'टॉरी कॅनियन' हे तेलवाहू जहाज इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकापलीकडच्या खडकांवर आदळले. त्यात सुमारे १ लाख २० हजार टन कच्चे तेल होते. ब्रिटिश सरकारने ते जाळण्यासाठी विमानांतून बाँब टाकले. तवंग फोडण्यासाठी ओतलेल्या रसायनांनी तर किनाऱ्यावरचे जीव आणखीच मारले. या धक्क्यातून १९६९ चा नुकसानभरपाईचा करार आणि १९७३ चा 'मारपोल' करार आकाराला आले.

आपल्या किनाऱ्याला सांगाड्यांनी अधिक छळले. जून २००० मध्ये गोव्यात कांदोळीच्या वाळूत 'रिव्हर प्रिन्सेस' रुतले. जबाबदारी कोणाची, हा वाद चालू राहिला आणि जहाज वाळूत खोल जात राहिले. जितका उशीर, तितके काढणे अवघड. ते हटायला सुमारे बारा वर्षे लागली.

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-३' यांची टक्कर झाली. तेल सांडले, कंटेनर समुद्रात पडले, बंदराची वाहतूक काही दिवस ठप्प झाली. पुढच्याच वर्षी खलाशांनी सोडलेले 'पवित' ओमानजवळून महिनाभर वाहत थेट जुहूला लागले. त्यानंतर चारच दिवसांनी, ४ ऑगस्ट २०११ रोजी, साठ हजार टन कोळसा घेऊन 'राक कॅरियर' मुंबईसमोर बुडाले. राष्ट्रीय हरित लवादाने जहाजमालकांना १०० कोटी आणि कोळसा मागवणाऱ्या कंपनीला ५ कोटी रुपये भरण्याचा आदेश दिला तो २०१६ मध्ये.

सांगाडे हटवण्याचा नैरोबी करार २००७ मध्ये झाला आणि २०१५ मध्ये अमलात आला. त्याने ३०० टनांवरच्या जहाजांना त्यासाठीचा विमा सक्तीचा केला. त्याचे मर्म मला साधे वाटते: धनी आणि पैसा जहाज बुडण्याआधीच ठरलेला हवा. वरचे चारही अपघात पावसाळ्यातले, नारळी पौर्णिमेच्या आधीचे. त्या दिवसांत कोळी आपली होडी किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवतो. जुनाट जहाजांची तपासणी, त्यांचा विमा आणि ओढून नेणाऱ्या टग बोटी यांची सिद्धताही मृगाआधीच व्हायला हवी.