वस्तऱ्याची धार आणि न्हाव्यांचा नकार

इतिहासात हत्यारांचा विषय निघाला की आपण तलवारीकडे वळतो. आज आपण त्याहून लहान पात्याकडे पाहू : न्हाव्याच्या वस्तऱ्याकडे.

जुन्या धोकटीत वस्तऱ्यासोबत धार लावायचा दगड आणि चामड्याची पट्टी, म्हणजे चामोटा, हमखास असे. दोन्हींचं काम एकच, असं आपल्याला वाटतं. तसं नाही. दगड पोलाद झिजवतो. धार बोथट झाली की पातं त्यावर धारेच्या दिशेने पुढे सरकवत घासायचं. चामोट्याचं काम निराळं. दाढी करताना धारेची अतिसूक्ष्म कोर दुमडते, ती चामड्यावर पुन्हा सरळ होते. इथे मात्र पात्याची पाठ पुढे, धार मागे. उलट केलं तर चामडं कापतं आणि धारही बिघडते. म्हणून चामोटा रोजचा, दगड कधीमधी. उगाच दगडावर घासत राहिलं तर वस्तराच लवकर संपतो.

हे सगळं ज्ञान हातात होतं, बापाकडून मुलाकडे जाणारं. पण ज्ञान म्हटलं की आपण पोथीच पाहत आलो. हा हात आपल्या हिशेबात कधी आलाच नाही.

आता याच वस्तऱ्याची दुसरी बाजू. उच्चवर्णीय घरांत विधवेचं केशवपन व्हायचं, तेही ह्याच धारेने. नवरदेवाची दाढी आणि विधवेचं मुंडन, धार एकच. शास्त्र सांगणारा वेगळा, हुकूम सोडणारा वेगळा. प्रत्यक्ष वस्तरा चालवायचा तो न्हाव्याने. १८९० साली मुंबईत न्हाव्यांची सभा भरली. पुढाकार होता ‘दीनबंधु’चे संपादक, सत्यशोधक कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे यांचा. विधवांचं मुंडन आम्ही करणार नाही, असा निर्धार तिथे झाला.

प्रथा त्यामुळे लगेच थांबली नाही, पुढे कित्येक वर्षं चालली. तरी या नकाराचं मोल कमी होत नाही. सुधारक लेख लिहीत होते, व्याख्यानं देत होते, आज आम्ही देतो तशीच. हातावर पोट असलेल्या माणसांनी मात्र हाती आलेलं काम नाकारलं.

पुढे टाकून द्यायची पाती आली. अमेरिकेत जिलेटला त्याचं पेटंट मिळालं १९०४ साली. हळूहळू चामोट्याची गरज उरली नाही. धार राखणं हे कौशल्य, यात वाद नाही. पण ती कुणावर चालवायची नाही हे ठरवणं, त्याला आपण काय म्हणणार? आम्ही त्याला विवेक म्हणतो, आणि तो त्या सभेत आम्हाला स्पष्ट दिसतो.