कमी ट्रॅव्हलची फुल सस्पेन्शन माउंटन बाइक

पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही चाकांना सस्पेन्शन असलेली, पण मागच्या चाकाची वरखाली हालचाल साधारण १०० ते १३० मिमी इतकीच ठेवलेली माउंटन बाइक. चाकाच्या या हालचालीला ट्रॅव्हल म्हणतात. पुढच्या फोर्कचा ट्रॅव्हल बहुधा तेवढाच किंवा १० ते २० मिमी जास्त असतो; चाके जवळजवळ नेहमी २९ इंची. याच्या पुढे १३० ते १५० मिमीच्या ट्रेल बाइक, १५० ते १८० मिमीच्या एन्ड्युरो आणि २०० मिमीच्या आसपासच्या डाउनहिल बाइक येतात. या सीमा कंपन्या आणि चालवणारे यांनी वापरातून रूढ केल्या आहेत, त्या काटेकोर नाहीत. दिवसभर स्वतःच्या पायांनी चढ चढायचे आणि उतरताना खडकाळ पायवाटही टाळायची नाही, अशा माणसाला या गटाइतकी उपयोगी दुसरी माउंटन बाइक नाही.

आपल्याकडे ‘डबल शॉकअप’ म्हणून मिळणारी स्वस्त सायकल या प्रकारात मोडत नाही. तिच्या फ्रेमच्या मधोमध उघडी स्प्रिंग असते, पण स्प्रिंगची उसळी आवरणारे तेलाचे डॅम्पिंग नसते. पेडल मारताना ती झुलत राहते, वजनाला जड असते आणि सांधे लवकर खिळखिळे होतात. तेवढ्याच पैशात मिळणारी साधी, मागे शॉकअप नसलेली सायकल कितीतरी चांगली.

इतिहास : सुरुवातीच्या माउंटन बाइकला सस्पेन्शन नव्हते. कॅलिफोर्नियातील मरीन काउंटीत, माउंट टॅमलपाइसच्या परिसरात, १९७० च्या दशकात काही तरुण जाड टायरच्या जुन्या सायकली मातीच्या रस्त्यांवरून उतारावर सोडत. १९७६ मध्ये तेथे ‘रीपॅक’ शर्यत सुरू झाली. एका उतरणीतच मागच्या कोस्टर ब्रेकमधले ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे, त्यावरून हे नाव पडले. पुढच्याच वर्षी त्या तरुणांपैकी जो ब्रीझने या कामासाठी खास फ्रेम बनवली. सस्पेन्शन आले ते १९८० च्या दशकाच्या अखेरीस. पॉल टर्नरच्या रॉकशॉक्स कंपनीच्या आरएस-१ फोर्कचा ट्रॅव्हल ५० मिमीसुद्धा नव्हता, तरी १९९० मध्ये कोलोरॅडोतील दुरँगो येथे भरलेल्या पहिल्या अधिकृत जागतिक स्पर्धेत ग्रेग हर्बोल्डने रॉकशॉक्सचा फोर्क लावून डाउनहिल जिंकली.

मागच्या चाकाचा प्रश्न अधिक अवघड होता, कारण तिथे साखळीची ओढही असते. मोटोक्रॉसमधून आलेल्या होर्स्ट लाइटनर या ऑस्ट्रियन तंत्रज्ञाने मागच्या आसाच्या किंचित पुढे, खालच्या दांडीवर एक सांधा ठेवला. ‘होर्स्ट लिंक’ नावाने तो ओळखला जातो आणि आजही अनेक फ्रेमवर दिसतो. तरीही क्रॉस-कंट्री शर्यतींतले स्वार बराच काळ हार्डटेल, म्हणजे मागे सस्पेन्शन नसलेली सायकल, सोडायला तयार नव्हते. जादा वजन आणि पेडलिंगमध्ये वाया जाणारी ताकद त्यांना परवडत नव्हती. २००० नंतर आलेल्या स्पेशलाइझ्ड कंपनीच्या एपिक बाइकच्या मागच्या शॉकमध्ये ‘ब्रेन’ नावाची झडप होती. स्वाराच्या पेडलिंगने ती उघडत नसे, चाकाखालून धक्का आला की उघडे. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये यारोस्लाव्ह कुलहावी आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये निनो शुर्टर यांनी फुल सस्पेन्शनवर सुवर्णपदके मिळवली, तेव्हा तो वाद शर्यतीपुरता मिटला.

मात्र आज दुकानात दिसणारी १२० मिमीची बाइक केवळ शर्यतीतून घडलेली नाही. कोना कंपनीचे प्रोसेस १११ आणि ईव्हिल कंपनीचे २०१५ चे फॉलोइंग ही मॉडेल उलट दिशेने आली. त्यांनी ट्रॅव्हल कमी ठेवला, पण फ्रेमचे कोन आणि मापे मोठ्या ट्रेल बाइककडून घेतली, आणि जिथे १५० मिमी लागतात असे मानले जाई त्या वाटा ११०-१२० मिमीवर उतरता येतात हे दाखवून दिले. २०२० मध्ये आलेल्या ट्रान्झिशन कंपनीच्या स्परमध्ये हे दोन्ही प्रवाह एकत्र आले : पुढे-मागे १२० मिमी, शर्यतीच्या तोडीची हलकी कार्बन फ्रेम आणि ६६ अंशांचा हेड अँगल (हँडलच्या नळीचा जमिनीशी होणारा कोन). क्रॉस-कंट्री आणि डाउनहिल यांच्या मधला म्हणून या गटाला इंग्रजी नियतकालिकांत ‘डाउनकंट्री’ म्हणू लागले.

निवडीचे निकष : खरेदीदार सर्वांत आधी ट्रॅव्हलचा आकडा विचारतो, आणि नेमका तोच आकडा सर्वांत कमी सांगतो. ११५ आणि १३० मिमीमधला फरक पायाखाली जाणवायला अनुभव लागतो. हेड अँगल दोन अंशांनी बदलला तर मात्र पहिल्याच तीव्र उतारावर कळते. १९९० च्या दशकातल्या शर्यतीच्या सायकलींचा हेड अँगल ७१ अंशांच्या आसपास असे. पुढचे चाक स्वाराच्या जवळजवळ खालीच येई, चढावर वळणे चपळ होत, आणि उतारावर खडकाला चाक अडले की हँडलवरून पुढे फेकले जाण्याची भीती असे. आज या गटात ६५.५ ते ६७.५ अंश आढळतात. ६७.५ कडे झुकलेली बाइक शर्यतीसाठी, चढासाठी, अरुंद वळणांसाठी, ६५.५ कडची उतारावर धीर देणारी, पण सपाट वाटेवर थोडी जड वाटणारी. आपण कुठे चालवतो हे प्रामाणिकपणे ठरवले तर निम्मी निवड इथेच होते.

हेड अँगलच्या जोडीला रीच पाहावा. पेडलच्या आसापासून हँडलच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतचे हे आडवे अंतर. उभे राहून चालवताना बाइक किती लांब वाटेल ते यावरून कळते. केवळ उंचीवरून एस, एम, एल ठरवण्याची पद्धत अपुरी आहे, कारण एका कंपनीचा एम दुसरीच्या एलएवढा भरू शकतो. सीट ट्यूबचा कोन ७५ ते ७७ अंश असेल तर चढावर शरीर पेडलच्या वर राहते आणि पुढचे चाक उचलले जात नाही. सीट ट्यूब आखूड हवी, म्हणजे सीट बटणाने खाली घेणारा ड्रॉपर पोस्ट भरपूर खाली जाईल. ड्रॉपर पोस्ट नसलेली बाइक घ्यायची असेल तर त्याचा खर्च किमतीत धरूनच तुलना करावी. उतारावर सीट वाटेतून बाजूला गेल्याने जो फरक पडतो, तो मागे २० मिमी ट्रॅव्हल वाढवून पडत नाही.

मागच्या सस्पेन्शनच्या रचनेविषयी जाहिरातींत पुष्कळ लिहिले जाते. स्वार पेडलवर जोर देतो तेव्हा त्याचे वजन मागे सरकते आणि शॉक दबू पाहतो. सांधे योग्य जागी ठेवले तर साखळीची ओढ त्या दबण्याला विरोध करते. या गुणाला अँटी-स्क्वॉट म्हणतात. तो फार कमी असेल तर बाइक झुलते, फार जास्त असेल तर चढावरच्या प्रत्येक दगडाला पायाला झटका बसतो. एकच सांधा, होर्स्ट लिंक, डेव्ह वीगलची डीडब्ल्यू-लिंक, सांताक्रूझची व्हीपीपी, जायंटची माएस्ट्रो या सगळ्यांतून चांगली बाइक बनते आणि वाईटही बनते. कमी ट्रॅव्हलच्या गटाला एक खास सोय मिळते : चाकाची हालचाल थोडी असल्याने मागचा एक सांधा गाळून त्या जागी कार्बनची दांडीच काही अंश वाकू दिली जाते. त्यामुळे वजन घटते आणि बेअरिंगची एक जोडीही वाचते. पावसाळ्यात सह्याद्रीच्या चिखलात चालवणाऱ्याला हे दुसरे कारण पहिल्याहून महत्त्वाचे वाटावे, कारण तिथे सांध्यांची बेअरिंग पाणी आणि गाळ शिरून गंजतात.

ट्रॅव्हल कमी असला की बाकीच्या भागांवर भार वाढतो. ३२ मिमी नळ्यांचा फोर्क १०० मिमीच्या शर्यतीच्या बाइकला शोभतो. १२० मिमीला ३४ किंवा ३५ मिमीचा घ्यावा, नाहीतर खडकांत पुढचे चाक ठरवलेल्या रेषेवर राहत नाही. पुढची ब्रेक डिस्क १८० मिमीची असावी. टायर २.४ इंची, पुढचा नक्षीने अधिक पकड देणारा, मागचा वेगाने लोळणारा. आत ट्यूब न ठेवता सीलंट भरणे आपल्याकडे अनिवार्यच मानावे. बाभळीचा काटा घुसून बाहेर पडला तरी भोक आपोआप बुजते. सर्वांत हलके टायर लावून दिलेली बाइक वजनकाट्यावर छान दिसते, पण जांभ्याच्या धारदार सड्यावर त्यांच्या बाजू फाटतात. कार्बन फ्रेम आणि साधा फोर्क यांपेक्षा अ‍ॅल्युमिनियम फ्रेम आणि उत्तम फोर्क, ब्रेक, टायर ही निवड मर्यादित पैशात निःसंशय योग्य.

फोर्क नंतर बदलून मोठा बसवण्याचा मोह अनेकांना होतो. १२० ऐवजी १४० मिमीचा लावला तर हेड अँगल साधारण एका अंशाने पडतो, पेडलचा आस वर जातो, सीट मागे झुकते. शिवाय कंपनीने मान्य केलेल्या मापाच्या बाहेर गेल्यास फ्रेमची वॉरंटीही धोक्यात येते. १० मिमीची वाढ बहुतेक फ्रेम मान्य करतात. त्याहून जास्त हवे असेल तर मुळात वरच्या गटातली बाइक घ्यायला हवी होती.

जुळणी : स्वार सामानासह बसल्यावर सस्पेन्शन जितके दबते त्याला सॅग म्हणतात. समजा मागचा ट्रॅव्हल १२० मिमी आणि शॉकचा स्ट्रोक, म्हणजे तो पूर्ण दबतो ते अंतर, ४५ मिमी आहे. म्हणजे शॉक १ मिमी दबला की चाक सरासरी २.६७ मिमी वर येते. २५ टक्के सॅगसाठी शॉकच्या दांड्यावरची रबरी रिंग सव्वाअकरा मिमी सरकायला हवी, ३० टक्क्यांसाठी साडेतेरा. सव्वादोन मिमीच्या या फरकात एकच बाइक चढाची किंवा उताराची होते. लांब ट्रॅव्हलची बाइक हवेच्या दाबातली चूक पोटात घालते, ही घालत नाही. म्हणून शॉक पंप बाइकबरोबरच विकत घ्यावा. शॉक वारंवार तळाला लागत असेल तर नुसता दाब वाढवू नये, हवेच्या कप्प्यात स्पेसर घालावा. त्याने सुरुवातीची मऊ चाल तशीच राहते आणि शेवटचा भाग कडक होतो. पन्नास किलोंच्या आसपासच्या स्वाराने परत उसळण्याचा वेग आवर्जून तपासावा. त्याला दाब कमी लागतो, त्यामुळे काही शॉक पूर्ण मोकळे सोडूनही मंद उसळतात आणि खडकांच्या रांगेत दबलेलेच राहतात.

देखभाल व खरेदी : फोर्कच्या खालच्या नळ्या आणि शॉकचा हवेचा कप्पा यांची सर्व्हिस साधारण ५० तासांच्या वापरानंतर सांगितलेली असते. त्यासाठी लागणारे सील आपल्या शहरात मिळतात का, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे; एका सीलसाठी संपूर्ण हंगाम बाइक भिंतीला टेकून राहू शकते. बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलच्या आसाचा बेअरिंगचा भाग, आट्यांचा असावा, गिअरचा हँगर यूडीएच या सामाईक मापाचा असावा, म्हणजे सुटा भाग कुठेही जुळतो. इलेक्ट्रॉनिक शॉकचा खर्च शर्यतीत उतरणाऱ्यानेच करावा.

वापरलेली बाइक घेताना मागचे चाक धरून आडवे हलवून सांध्यांत खेळ आहे का ते पाहावे, शॉकच्या दांड्यावर आणि फोर्कच्या नळ्यांवर नखाला लागेल असा ओरखडा असेल तर किंमत त्या दुरुस्तीच्या खर्चाने कमी धरावी, आणि खालच्या दांड्यांवर सांध्यालगत रंगात केसासारखी रेघ दिसली तर ती फ्रेम घेऊ नये.