बुद्धीचे माप आणि मुळशीचे मूल

मानसशास्त्राचा अभ्यास आरंभिणाऱ्या विद्यार्थ्यास बुद्धिगुणांक हा शब्द लवकरच भेटतो, आणि बुद्धीही धान्यासारखी शेरापायलीने मोजता येते, असा त्याचा समज होतो. या मापाचा इतिहास पाहिला असता मात्र आम्हांस निराळाच बोध होतो.

१९०५ साली पॅरिस येथे आल्फ्रेड बिने व थिओडोर सिमाँ यांनी पहिली कसोटी रचली, ती शाळेत मागे पडणारी मुले ओळखून त्यांस विशेष शिक्षण देता यावे म्हणून. मुलांवर कायमचा शिक्का मारावा, हा तिचा हेतू नव्हे. बुद्धी वाढूच शकत नाही, या मताचा बिने यांनी १९०९ साली स्पष्ट निषेध केला होता. पुढे १९१६ साली अमेरिकेत टर्मन यांनी तिची नवी आवृत्ती काढून बुद्धिगुणांक रूढ केला, आणि साहाय्यार्थ निघालेली कसोटी हळूहळू निवाड्याचे साधन बनली.

आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी ही कसोटी मराठी व कानडी मुलांसाठी नव्याने बसविली. त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४० साली प्रसिद्ध झाला. असे काम केवळ भाषांतराने साधत नाही. कोणत्या वयात कोणता प्रश्न सुटतो, हे येथल्याच मुलांवर पारखावे लागते.

परंतु 'येथले मूल' म्हणजे तरी कोणते? ज्या मुळशी खोऱ्याने १९२१ साली सेनापती बापटांचा सत्याग्रह पाहिला आणि ज्याची भातखाचरे पुढे धरणाच्या पाण्याखाली गेली, तेथील त्या काळचे दहा वर्षांचे मूल घ्या. लावणीस रोप केव्हा काढावे, बांध कोठे फोडून पाणी सोडावे, हे त्यास पाहूनपाहून ठाऊक झालेले. त्यास ट्रामगाडीविषयी विचारले आणि उत्तर चुकले, तर उणीव बुद्धीची की परिचयाची?

हा भेद ताराबाई मोडक यांनी जाणला. १९४५ साली बोर्डीस त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. पुढे कोसबाडला अनुताई वाघ यांच्यासह त्यांनी गुरे राखणाऱ्या वारली मुलांसाठी शाळाच कुरणावर नेली.

माप हवेच, त्यावाचून साहाय्याची गरज कोणास आहे, हे कळणे कठीण. मात्र आकडा वाचण्यापूर्वी मूल कोठे वाढले, हे विचारले पाहिजे. एरवी खेड्यातील मूल मठ्ठ ठरून शाळेस मुकेल, आणि दोष मात्र मापाचा असेल.